साडेचव्वेचाळीस कोटी वर्षं आणि एक जाळं

बाबांना रुग्णालयात ठेवलं होतं तेव्हा रात्रीची सोबत माझ्याकडे असायची. रात्री दोन-तीनच्या सुमाराला वॉर्डातले आवाजही थकतात. खोकला थांबतो, चपलांची फरफट थांबते आणि नजर लागून राहते ती नळीच्या फुगीर भागात पडणाऱ्या सलाइनच्या थेंबावर. डोळा लागू नये म्हणून मी हाताशी असेल ते वाचत बसायची. औषधांची पाकिटं, भिंतीवरच्या सूचना, आणि मग ती बाटली. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘निर्जंतुक’ असं इंग्रजीत छापलेलं होतं आणि त्याच्या शेजारीच ‘पायरोजनमुक्त’ असंही. निर्जंतुक केल्यावर आणखी कशापासून मुक्त करायचं उरतं? बाटली बदलायला आलेल्या सिस्टरना मी विचारलं. “ताप येत नाही त्याने,” त्या म्हणाल्या, नळीतला बुडबुडा टिचकीने वर घालवला आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. उत्तर अगदी नेमकं होतं. पण माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. ताप येणार नाही, हे आधी कुणी पाहिलं असेल? कुणाच्या अंगावर पाहिलं असेल?

पाणी उकळलं की त्यातले जिवाणू मरतात, एवढं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. मेल्यावर त्यांच्या पेशींच्या भिंतीचे तुकडे मात्र त्याच पाण्यात राहतात, आणि काही जिवाणूंचे हे तुकडे उकळण्यालाही दाद देत नाहीत. पोटात गेले तर फारसं बिघडत नाही. थेट रक्तात गेले तर माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. शिरेतून औषध द्यायला सुरुवात झाली त्या काळात डॉक्टर या तापाने हैराण होते. सगळं स्वच्छ, सगळं उकळलेलं, तरी रोगी थरथरतोय. मग ससे आले. औषधाचा नमुना सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचा आणि काही तास त्याचं तापमान मोजत राहायचं. ससा तापला की ती सगळी खेप बाद. कित्येक दशकं असं चाललं. आणि मग ही जबाबदारी सशांकडून अशा एका प्राण्याकडे गेली, ज्याला मी त्याआधी एकदा पाहिलं होतं. ओडिशातल्या चांदीपूरच्या चिखलात. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

चांदीपूरचा समुद्र विचित्र आहे. ओहोटीला तो नुसता मागे सरत नाही, निघूनच जातो. पाच-पाच किलोमीटर. भरतीच्या वेळी जिथे लाटा फुटत होत्या तिथे काही तासांनी ओली, सुरकुतलेली, राखाडी जमीन पसरलेली असते आणि पाणी म्हणजे क्षितिजाजवळची एक चमकती रेघ. कोकणचा समुद्र पाहत वाढलेल्या माणसाला हे पचत नाही. आपला समुद्र कातळाला धरून असतो. इथे पायाखाली घट्टसर चिखल, मध्येच घोट्यापर्यंत पाणी, बारीक खेकड्यांनी वर टाकलेल्या वाळूच्या गोळ्या आणि खारट, थोडा कुजकट वास. सकाळी लवकर निघून मी चालत राहिले होते. वाटेत खुंटांना बांधलेली नायलॉनची जाळी होती आणि दोन-तीन माणसं वाकून त्यातले मासे सोडवत होती. जाळ्याच्या एका टोकाला तो होता. उलटा. मातकट हिरवट रंगाचं, पालथ्या वाडग्यासारखं कवच, पण इथे ते उताणं पडलेलं, आतले पाय हवेत हलत होते आणि लांब टोकदार शेपूट चिखलात रुतवून तो स्वतःला पालथं करायचा प्रयत्न करत होता. प्रत्येक प्रयत्नाला जाळ्याचा आणखी एक दोर त्याच्याभोवती आवळत होता.

हॉर्सशू क्रॅब. प्राणिशास्त्र शिकलेल्यांना तो ‘लिम्युलस’ म्हणून आठवेल. पुस्तकातल्या त्या आकृतीला बाण काढून नावं लिहायची असायची.

नावात खेकडा असला तरी हा खेकडा नाही. विंचू, कोळी हे त्याचे जवळचे नातेवाईक. जगात त्याच्या फक्त ४ जाती उरल्या आहेत. एक अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि ३ आशियात. आपल्या देशात त्यातल्या २ आहेत. टॅकिप्लेयस गिगास ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या वाळूच्या किनाऱ्यांवर अंडी घालतो, आणि त्याहून लहान, गोल शेपटीचा कार्सिनोस्कॉर्पियस खारफुटीच्या चिखलात, सुंदरबनात राहतो. पश्चिम किनाऱ्यावर तो नाही. म्हणूनच आपल्याकडच्या आठवणींत, गोष्टींत, मासळीबाजारात कुठेच त्याची ओळख नाही, आणि मला याचं थोडं वाईट वाटतं. ओळख नसलेल्या प्राण्याबद्दल माणसांना काही वाटायला लावणं अवघड असतं.

आणि वाटायला लावावं असं त्याच्यात किती आहे! त्याला जबडा नाही. तोंड पायांच्या मधोमध आहे आणि पायांच्या मुळाशी असलेल्या काट्यांनी तो अन्न वाटून तोंडात सारतो. पाय हलले तर चावणं होणार, त्यामुळे चालणं आणि चावणं या त्याच्यासाठी वेगवेगळ्या क्रिया नाहीतच. मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा, घास जातो तो मेंदूच्या मधून. पोटाच्या खाली पातळ पानांचे गठ्ठे असतात, ते त्याचे कल्ले. त्यांच्यावर ओल टिकली तर तो बराच वेळ पाण्याबाहेर तग धरतो, म्हणून किनाऱ्यावर येऊ शकतो. पोहायचं झालं तर बऱ्याचदा पाठीवर उलटा होऊन पोहतो. कवचावर दोन मोठे संयुक्त डोळे, शिवाय आणखी साधे डोळे, आणि शेपटीवरही प्रकाश जाणणाऱ्या जागा. रात्र झाली की त्याच्या शरीरातलं घड्याळ मोठ्या डोळ्यांची संवेदनक्षमता वाढवतं, आणि ती थोडीथोडकी नाही, दहा लाख पटींपर्यंत. अंधाऱ्या पाण्यात नराला मादी दिसते ती अशी. हॅल्डन केफर हार्टलाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने याच डोळ्यांच्या मज्जातंतूंवर वर्षानुवर्षं काम केलं. शेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात आणि त्यामुळे वस्तूच्या कडा उठून दिसतात, हे त्याने दाखवलं. १९६७ साली त्याला नोबेल मिळालं, दोन शास्त्रज्ञांबरोबर विभागून. म्हणजे आपण कसे पाहतो, हेही आपल्याला थोडंफार या प्राण्याने शिकवलेलं आहे.

वयात यायला त्याला साधारण दहा वर्षं लागतात. तोपर्यंत पंधरा-सोळा वेळा तरी तो कात टाकतो. जुन्या कवचाची पुढची कड उसवते आणि तो पुढच्या बाजूने, चालत, स्वतःतून बाहेर पडतो. मागे राहतं ते कवच इतकं सबंध असतं की किनाऱ्यावर सापडलं तर प्राणी मेला असंच वाटावं. पूर्ण वाढ झाल्यावर कात टाकणं बहुधा थांबतं. मग उरलेल्या आयुष्यात कवचावर जे काही बसेल, बार्नेकल (घट्ट चिकटून राहणारे बारीक कवचधारी समुद्री जीव), शिंपले, शेवाळ, ते तसंच राहतं. चांदीपूरच्या त्या प्राण्याच्या पाठीवर, उजव्या डोळ्याला खेटून, बार्नेकलचा एक पांढरट झुबका होता. तो चुकवून डोळा बाहेर पाहत होता.

अंडी घालायला ही मंडळी किनाऱ्यावर येतात ती उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचं पाणी जिथे पोचत नाही तिथवर उधाण त्यांना नेतं. मादी पुढे, आकाराने मोठी, आणि तिच्या कवचाला मागून धरलेला नर. ती वाळू उकरते, अंडी घालते, नर त्यांच्यावर शुक्र सोडतो, आणि दोघं परत फिरतात. काही आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात. त्यांना शेपूट नसते, आणि ती हुबेहूब ट्रायलोबाइट या प्राचीन समुद्री प्राण्यासारखी दिसतात. त्या ट्रायलोबाइटचा शेवटचा वंशज २५ कोटी वर्षांपूर्वी संपला. हा उरला. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात सापडलेला या कुळातला एक जीवाश्म सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा जमिनीवर झाडं नव्हती. डायनोसॉर यायला वीस कोटींहून जास्त वर्षं अवकाश होता. जीवसृष्टीचा पाच वेळा महासंहार झाला, पाचही वेळा हे कुळ वाचलं.

पण मला मॅनिटोबाच्या जीवाश्मापेक्षा जर्मनीतला एक जीवाश्म जास्त आठवतो. १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ खाजण होतं आणि तळाच्या पाण्यात प्राणवायू नव्हता. एक हॉर्सशू क्रॅब, बहुधा वादळात, त्यात पडला. तळाच्या गाळावर तो चालला. पावलांचे आणि शेपटीचे ठसे अजून दगडात आहेत, ९.७ मीटर लांब. सुरुवातीला ओळ ठीक आहे, मग तिची दिशा चुकत जाते, पावलं गोंधळतात, आणि ओळीच्या टोकाला तो स्वतः आहे. कुळ वाचलं असं आपण एका वाक्यात म्हणतो. त्या वाक्यात हे ९.७ मीटर कुठे बसत नाहीत.

आता रक्ताबद्दल. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं ते लोह, याच्या रक्तात तांबं. म्हणून हवा लागली की ते निळं होतं. १९५६ साली फ्रेडरिक बँग या डॉक्टरने अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या प्रयोगशाळेत या प्राण्याच्या शरीरात समुद्री जिवाणू टोचले, तेव्हा त्याचं रक्त आतल्या आत गोठून गेलं. जिवाणू उकळून मारून टोचले तरी तेच. पुढे जॅक लेव्हिन या रक्ततज्ज्ञाबरोबर त्याने शोधून काढलं की या रक्तात एकाच प्रकारच्या पेशी मुबलक असतात आणि जिवाणूंच्या भिंतीचा तुकडा भेटला की त्या फुटून भोवती जेलीसारखा थर करतात. कारण उघड आहे. समुद्राच्या पाण्यात जिवाणू सगळीकडे, याच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडं बनत नाहीत, आणि रक्त अंगभर मोकळं फिरतं. जखम झाली तर जिथल्या तिथे शत्रूला कोंडायचं, एवढा एकच उपाय. या पेशींचा अर्क परीक्षानळीत घ्यायचा आणि त्यात औषधाचा थेंब टाकायचा. गोठलं तर औषध दूषित. लाख कोटीत एक भाग इतकं सूक्ष्म दूषणही त्याला कळतं. १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सशांऐवजी ही चाचणी मान्य केली. तेव्हापासून लशी, इंजेक्शनं, शरीरात बसवायचे सांधे, हृदयातल्या झडपा, आणि बाबांच्या खाटेशेजारी टांगलेल्या बाटलीसारख्या असंख्य बाटल्या अशाच कसोटीतून जात आल्या आहेत.

हे वाचलं तेव्हा बाबा घरी आले होते, हिंडूफिरू लागले होते. मला प्रचंड कृतज्ञता वाटली, आणि तिच्या पाठोपाठ काहीतरी घशाशी आलं. ते रक्त मिळवतात कसं, तेही त्याच पानावर होतं. अमेरिकेत किनाऱ्यालगत हे प्राणी पकडतात, कारखान्यात रांगेने मांडणीत घट्ट बसवतात, कवचाच्या सांध्यातून हृदयापर्यंत सुई घालतात आणि निळं रक्त बाटलीत उतरू देतात. साधारण तिसरा हिस्सा काढून झाला की प्राणी परत समुद्रात. त्यातले काही मरतात. किती, यावर वाद आहे, अंदाज १५ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत जातात. जे जगतात त्यांच्यातल्या माद्या सुस्तावतात आणि अंडी घालायला कमी वेळा येतात, असं संशोधकांना दिसलं आहे. चीनमध्ये तर बऱ्याचदा रक्त काढलेला प्राणी परत सोडतच नाहीत, तो पुढे मांसासाठी आणि कवचातल्या कायटिनसाठी जातो. चीन-जपानच्या किनाऱ्यांवरची जात २०१९ साली ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदली गेली.

या रक्ताला पर्याय आहे, हे कळल्यावर मी अस्वस्थ झाले. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात जिआक लिंग डिंग आणि बो हो या दोघांनी १९९०च्या दशकातच त्या रक्तातला मुख्य घटक, फॅक्टर सी, वेगळा काढून प्रयोगशाळेत तयार करून दाखवला. एकाही प्राण्याला सुई न लावता. युरोपच्या औषधसंहितेत ती चाचणी २०२१ साली आली. अमेरिकेच्या औषधसंहितेने २०२४ साली तिला आणि तसल्या इतर चाचण्यांना मान्यता दिली, २०२५पासून ती लागू आहे. दार उघडायला पाव शतकाहून जास्त काळ गेला. औषधांच्या बाबतीत सावधगिरी हवीच, मी स्वतः त्या थेंबांकडे रात्र-रात्र पाहत बसलेली आहे, मला ती सावधगिरी हवी आहे. पण त्या सावधगिरीची किंमत दर वर्षी लाखो प्राणी देत होते, आणि त्यात घाई करावी असं कुणाला वाटत नव्हतं.

मात्र या निळ्या रक्ताच्या गोष्टीत एक अडचण आहे. ती इतकी विलक्षण आहे की बाकी सगळं झाकून टाकते. वर्तमानपत्रं छापतात ती हीच गोष्ट, निळ्या बाटल्यांच्या रांगांच्या छायाचित्रासकट. तिच्यातून असं वाटतं की कारखाने थांबले की हा प्राणी वाचला.

चांदीपूरच्या त्या प्राण्याचा कारखान्याशी काडीचाही संबंध नव्हता.

अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागरावर एकोणिसाव्या शतकात हे प्राणी लाखोंनी गोळा करून वाळवत आणि खत म्हणून शेतात टाकत. त्यानंतर, १९९०च्या दशकात, ते ईल आणि मोठ्या शंखांसाठी आमिष म्हणून कापले गेले. त्या किनाऱ्यावर रेड नॉट नावाचा लहान पाणपक्षी उतरतो, दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून आर्क्टिकपर्यंतच्या सुमारे १५,००० किलोमीटरच्या प्रवासात. हॉर्सशू क्रॅबची अंडी खाऊन तो काही दिवसांत आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतो. अंडी कमी झाली आणि पक्षी उपाशीच पुढे निघू लागले. जपानमध्ये कासाओका इथली त्यांची वीण होणारी जागा १९२८ साली नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झाली होती. पुढे शेतीसाठी समुद्र हटवून भराव घातला गेला आणि ती जागा गेली. आज तिथे या प्राण्याचं संग्रहालय आहे. घोषणा, स्मारक, कौतुक, सगळं होतं. अंडी घालायला लागणारी ओली वाळू मात्र उरली नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडायला, मारायला बंदी आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले अनिल चॅटर्जी यांच्यासारख्या संशोधकांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर त्याचा अभ्यास करण्यात वर्षं घातली. आणि तरी तो कमी होत चालला आहे, कारण कायदा अडवतो ते मुद्दाम मारणं, आणि त्याला इथे बहुतेक कुणी मुद्दाम मारत नाही. काही ठिकाणी सांधेदुखीवर औषध म्हणून त्याचं कवच किंवा शेपूट विकतात, तो भाग आहे. पण मोठं कारण जाळं आहे. अंडी घालायला येण्याची वाट आणि जाळी लावायची जागा एकच. त्याचे पाय, काटे, शेपूट नायलॉनमध्ये असे गुंततात की सोडवायला कौशल्य लागतं आणि वेळ लागतो.

त्या सकाळी मी त्या मच्छीमाराला मोडक्या हिंदीत म्हटलं, “दादा, याला सोडा ना.” माणूस वयस्कर होता, हात कापल्याच्या जुन्या खुणांनी भरलेले. तो रागावला नाही. भरती यायच्या आत सगळं जाळं रिकामं करायचं असतं, त्याने समजावलं, मासा उन्हात राहिला की भाव पडतो, आणि हा एक सोडवायचा तर अर्धा तास. घाईत लोक पाय मोडून काढतात नाहीतर दोर कापतात. पाय मोडला तर हा मरतो, दोर कापला तर जाळं जातं. तेवढं सांगून त्याने चाकू काढला आणि दोर कापला. चार ठिकाणी. मग कवचाच्या दोन्ही कडांना धरून त्याला पालथं केलं. शेपटीला धरून उचलायचं नाही, हे त्यानेच मला सांगितलं, शेपूट सांध्यातून निखळते, आणि शेपूट गेलेला पुन्हा उताणा पडला की संपलं. जाळ्याला पडलेलं भोक त्याने दोन बोटांनी ताणून पाहिलं. मी पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत. जाळं विणायला त्याची दुपार गेली असेल. माझ्या सांगण्यावरून गेली, याची टोचणी मला अजून आहे, आणि त्याने दोर कापला याचा आनंदही अजून आहे.

परत येताना ओळीने आणखी जाळी होती आणि त्यांच्याकडेला वाळलेली कवचं. त्यांतली किती कात होती आणि किती प्राणी, हे मला ओळखता येत नव्हतं.

आपण याला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतो, आणि मला ते नाव आवडेनासं झालं आहे. त्यात एक खोटा दिलासा आहे. पाच महासंहार पचवलेल्याला आपण काय करणार, असा. महासंहार बहुतेक हजारो-लाखो वर्षांत घडले. कुठली ना कुठली वाळू कुठे ना कुठे शिल्लक राहिली. वयात यायला दहा वर्षं घेणाऱ्या प्राण्याची प्रत्येक पिढी किनाऱ्यावर पाऊल ठेवताक्षणी पकडली जाते, अशी वेळ त्या साडेचव्वेचाळीस कोटी वर्षांत त्याच्यावर कधी आली असेल असं मला वाटत नाही.

त्याच ओडिशाने समुद्री कासवांसाठी काय केलं आहे ते पाहा. धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांशी दर वर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात, किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत मासेमारी बंद असते. ऑलिव्ह रिडले कासवांवर माणसांचा जीव आहे, त्यांच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी टीव्हीवर दिसतं. त्या बंदीची झळ मच्छीमारांनी सोसली आहे आणि भरपाईवरून तिथे भांडणंही झाली आहेत. हॉर्सशू क्रॅबसाठी सात महिन्यांची गरज नाही. अंडी घालण्याच्या ठरावीक किनाऱ्यांवर, उधाणाच्या मोजक्या रात्री जाळी काठापासून आत सरकवायची, तिथल्या वाळूवर भिंत किंवा भराव घालायचा नाही, आणि ज्याने दोर कापून प्राणी सोडला त्याला नव्या जाळ्याचे पैसे त्याच आठवड्यात, फेऱ्या न मारायला लावता द्यायचे. पैसे कुणी द्यायचे, हेही मला अवघड वाटत नाही. सलाइन आणि लशी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल अर्ध्या शतकाजवळ या कुळाच्या रक्तावर पारखला गेला आहे. चांदीपूर ज्यात येतं त्या बालासोर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या नायलॉनच्या जाळ्यांचा खर्च त्यांनी उचलावा.